बाप्तिस्मा झाला, आता रोज नेमकं काय करायचं? लातूरच्या एका भावाला उत्तर

लातूरच्या एका भावाने विचारलंय, त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "वय २४, आडतीवर मुनीम म्हणून कामाला आहे. मागच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. पहिले दोन-तीन महिने लई आनंद होता, आता बायबल उघडलं की डोळे मिटायलेत. उत्पत्तीपासून सुरू केलं अन् लेवीयमध्ये अडकलो. आई नीट बोलंना. सीझनमध्ये रविवारी पण दुकानावर जावं लागतं. सगळे म्हणतात विश्वासात वाढ, पण वाढायचं म्हणजे रोज करायचं काय?"

भाऊ, आधी हे ऐक की आनंद ओसरला म्हणजे विश्वास गेला असं अजिबात नाही. मी बरीच वर्षं नवीन विश्वासणाऱ्यांसोबत बसतोय, जालन्याकडं, बीडकडं, तुमच्या लातूरकडं पण, आणि बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांनी ही कोरड बहुतेकांना येते, फरक एवढाच की काही जण बोलून दाखवतात आणि काही जण गुपचूप मंडळीत यायचे बंद होतात. तू बोललास हे फार बरं झालं. आज रात्री स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र वाच, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे असं कुठवर चालणार, आणि ते विचारणं सुद्धा प्रार्थनाच आहे, पवित्र शास्त्रात छापलेली. म्हणजे वाळल्या मनाने देवापुढं बसायला परवानगी आहे, नव्हे, तसंच बसायचं असतं, आनंद आला तर आला.

आता मुद्द्याचं. मी ज्याला त्याला एकच सांगतो, थोडं वाच आणि जे वाचलं त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत करून टाक. बस. बाकी सगळं याच्या भोवती येतं. लूक ६:४६ मध्ये येशू विचारतो की तुम्ही मला प्रभू प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते करत का नाही, हा प्रश्न आपल्याला रोज लागू आहे. आपल्याकडं लोकांना वाटतं वाढ कन्व्हेन्शनमध्ये होते, तीन दिवस मांडव, मोठा साउंड, रडणं, हात वर करणं. मी कन्व्हेन्शनच्या विरोधात नाही, मी स्वतः जातो, पण तिथं मिळालेलं पुढच्या सोमवारपर्यंत टिकतं का ते बघ. पाटाने मोकळं सोडलेलं पाणी अर्धं बांधाबाहेर जातं आणि ठिबकचं थेंब थेंब मुळाशी बसतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला मी काय सांगावं. तसंच युट्यूबचं. दिवसभर कानात हेडफोन घालून संदेश ऐकायचे, एकानंतर एक, आणि त्यातलं एकही पाळायचं नाही, याने उलट कान जाड होतात, हे मी पोरांमध्ये बघतोय म्हणून कळकळीने सांगतोय.

वाचायचं कुठून? लेवीय सध्या बंद कर, काही बिघडत नाही. लेवीयमध्ये याजक, यज्ञ, शुद्ध-अशुद्ध असे नियम आहेत आणि ते का आहेत हे येशूची ओळख झाल्यावर उलगडतं. नव्या करारात इब्री लोकांस पत्र आहे, पुढं कधी ते आणि लेवीय शेजारी ठेवून वाच, मग मजा बघ. आता मार्ककृत शुभवर्तमान घे. चारही शुभवर्तमानांत तेच सगळ्यात लहान, १६ अध्याय, आणि त्याचा वेग पण आपल्या माणसाला झेपणारा, येशू इथं गेला, हे केलं, लगेच तिथं गेला. एका दिवशी पूर्ण अध्याय नको. आठ-दहा वचनं पुरेत, पण दोनदा वाच आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाच, मोठ्याने वाचलं की झोप येत नाही हा साधा उपाय आहे. मार्क झाला की प्रेषितांची कृत्ये, मग योहान. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घे, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते यासाठीच, की कमी शिकलेल्या बाईला पण कळावं.

कसं वाचायचं ते एका उताऱ्यावर दाखवतो. मार्क १:३२ ते ३८ काढ. संध्याकाळ झालीय, सूर्य मावळलाय, आजारी माणसं घेऊन अख्खं गाव दाराशी जमलंय. म्हणजे येशूचा तो दिवस रात्री उशिरापर्यंत गेला असणार. आणि पुढच्याच वचनात तो पहाटे, अजून अंधार असताना उठतो आणि एकांत जागी जाऊन प्रार्थना करतो. हे दोन्ही शेजारी ठेवून बघ. थकलेला माणूस दुसऱ्या दिवशी झोपून राहील, पण तो उठला. मग शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुम्हाला शोधतायत. आपण असतो तर पटकन परत गेलो असतो, एवढे लोक वाट बघतायत म्हटल्यावर. येशू म्हणतो, चला, शेजारच्या गावांना जाऊ, मी त्यासाठीच आलोय. आता स्वतःला तीन गोष्टी विचार. इथं येशू कसा दिसला? यात माझ्याबद्दल काय कळलं? आणि आज काय करू? पहिल्याचं उत्तर, लोकांच्या मागणीपेक्षा बापाचं ऐकणारा. दुसऱ्याचं, मी मोबाईलची रिंग वाजली की सगळं सोडून धावतो. तिसऱ्याचं, उद्या सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं देवाजवळ. झालं. एका वहीत तारीख टाकून हे तिसरं उत्तर एका ओळीत लिही, जास्त नाही. वही कशाला, तर संध्याकाळी झोपताना उघडायची आणि बघायचं, झालं का नाही झालं.

आणि तू आडतीवर आहेस म्हणून तुझ्या कामाचंच बोलतो, कारण शिष्यत्व तिथंच कळतं. नीतिसूत्रे ११:१ वाच, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो आणि खरं वजन त्याला आवडतं. हे वचन वाचून दुकानावर गेलास, समोर सोयाबीनचे कट्टे लागलेत, शेतकरी दूरच्या गावाहून टेम्पो करून आलाय, आणि ओलाव्याच्या मशीनवर १४ आलंय पण वरून सांगितलंय की १६ लाव, म्हणजे शेतकऱ्याचा भाव कापता येईल. आता? इथं कोणतंही गाणं, कोणताही संदेश मदतीला येत नाही, तुझ्या हातात पेन आहे आणि पट्टीवर आकडा तुला लिहायचाय. मी तुला हिरो हो असं सांगत नाही, नोकरी आहे, घर त्यावर चालतं, मला माहीत आहे. पण एवढं कर, शेटला एकांतात, हात जोडून सांग की माझ्या हाताने जो आकडा लिहीन तो मशीनवरचा लिहीन, काटा मारायचं काम मला सांगू नका, बाकी पहाटे चारला बोलवा, येतो. बरेच शेट असा माणूस सोडत नाहीत, कारण जो शेतकऱ्याला फसवत नाही तो गल्ल्याला पण फसवणार नाही हे त्यांना समजतं. काही सोडतात पण, ते पण सांगून ठेवतो. तसं झालं तर मंडळीला लगेच कळव, एकट्याने कुढत बसू नको. जक्कय आठव, लूक १९ मधला जकातदार, त्याच्या घरी येशू जेवायला गेला आणि त्याने तिथल्या तिथं सांगितलं की कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. त्याचा विश्वास आधी हिशोबात दिसला.

प्रार्थनेचं. लांब प्रार्थना यायलाच पाहिजे असं नाही, आणि मंडळीतल्या जुन्या लोकांसारखे शब्द तर मुळीच यायची गरज नाही. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली ती मत्तय ६ मध्ये ९ ते १३ एवढी पाचच वचनं आहे. ती पाठ असेलच तुझी, पण ती एका दमात म्हणू नको, एकेक ओळ घेऊन थांब. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" इथं थांबून घरचं, नोकरीचं, बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचं बोल. "आमची ऋणे आम्हास सोड" इथं काल काय चुकलं ते नाव घेऊन बोल, आणि ज्याने तुला दुखवलं त्याचं पण नाव घे. सकाळी दहा मिनिटं अशी, रात्री पाच मिनिटं आभाराची, आणि दिवसभर गाडीवर जाताना, कट्टे मोजताना, एका वाक्यात. "प्रभू, या माणसाशी नीट बोलायला मदत कर" ही पूर्ण प्रार्थना आहे. एक जागा ठरव फक्त. छोट्या घरात जागा नसते, मला माहीत आहे, मग गच्ची, नाहीतर दुकान उघडायच्या आधी गोडाऊनचा कोपरा, जिथं तुला कुणी हाक मारणार नाही.

आता आईचं, यावर मी जास्त बोलणार आहे कारण तुझ्या प्रश्नात ते एकाच ओळीत आलंय पण सगळ्यात जास्त वजन त्याच ओळीला आहे. मार्क ५ मध्ये एक माणूस आहे, भूतग्रस्त, कबरस्तानात राहणारा, येशूने त्याला बरं केलं. तो म्हणतो मला तुमच्यासोबत येऊ द्या, आणि येशू त्याला म्हणतो, तू आपल्या घरी, आपल्या लोकांकडं जा. म्हणजे त्याला पाठवलं तेच घरी. मार्क ७ मध्ये तर येशू त्या लोकांवर चिडतो जे देवाला अर्पण केलंय असं सांगून आईबापाला द्यायचं टाळतात. आणि वधस्तंभावर असताना सुद्धा त्याने आईची सोय लावली, योहान १९. म्हणून जो कुणी तुला सांगेल की घर सोड, आई अविश्वासी आहे, तिच्याशी संबंध कमी कर, त्याचं ऐकू नको, मग तो कितीही मोठा सेवक असो. आईला आधी दिसलं पाहिजे की पोरगा पहिल्यापेक्षा जास्त घरचा झालाय. पगार झाला की पहिला तिच्या हातात दे, दळण आण, तिची बीपीची गोळी संपायच्या आधी आणून ठेव, आणि ती टाकून बोलली तर उलट बोलू नको. हीच तुझी या वर्षाची सगळ्यात मोठी साधना आहे असं समज.

सणांचा प्रश्न येणारच. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, येईल, सगळं घर शेतात जाईल, कडब्याची कोप, आतमध्ये पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबिल, उंडे, आणि आई ताट पुढं करेल. करिंथकरांस पहिलं पत्र, ८ ते १० अध्याय याच विषयावर आहेत. पौल दोन्ही सांगतो, मूर्तीच्या पूजेत भाग घेऊ नका, आणि बाजारात मिळतं ते मात्र चौकशी न करता खा. मंडळ्यामंडळ्यांत याचे बारकावे वेगळे धरतात, म्हणून तुझ्या पाळक साहेबांना विचार. माझं मत विचारशील तर, शेतात जा, सकाळी लवकर जा, पाणी भर, ओझं उचल, लहान पोरांना खेळव, पूजेच्या वेळी बाजूला शांत उभा राहा, नैवेद्याचं घेऊ नको पण ते आईला आदल्या दिवशीच मऊ शब्दांत सांग, चारचौघांत ताट परत सरकवू नको, आणि बाकी जेवण सगळ्यांसोबत मांडी घालून पोटभर जेव. तुझ्या नाही म्हणण्यापेक्षा तू ज्या पद्धतीने नाही म्हणालास ते तिच्या लक्षात राहतं.

अजून एक. आईला लवकर मंडळीत आणायचं असं टार्गेट करू नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, तो एवढा मोठा घाव बसला की दोघं काही वर्षं वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने, स्वतः विचार करून. मन देव वळवतो, आपल्या हातात प्रेम आणि धीर एवढंच आहे, आणि ते आई वळली नाही तरी तेवढंच द्यायचंय.

गल्लीत कुणी म्हणेल पैसे घेऊन बाटला, परदेशी धर्मात गेला. भांडू नको. पेत्राचं पहिलं पत्र ३:१५ सांगतं की आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने. शांतपणे सांग, मी एक रुपया घेतला नाही, माझं मन बदललं म्हणून गेलो. आणि स्वतःला माहीत असावं म्हणून सांगतो, मराठवाड्यात ही गोष्ट कालची नाही. नारायण शेषाद्री, आपलाच मराठी माणूस, १८४३ ला बाप्तिस्मा घेतलेला, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं ते निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकात. टिळकांनी भजनं, अभंग, कीर्तन यांतून ख्रिस्त गायला, ती गीतं आपण आजही रविवारी गातो. त्यातलं एक गीत पाठ कर आणि काम करताना गुणगुण, वचन पाठ होत नसेल तर गीत होतं, आणि त्यात वचनच असतं.

पडशील. हे आत्ताच सांगतो म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही. पुडी सोडली असशील तर परत खाशील, राग येईल, मोबाईलवर नको ते बघशील, आठवडाभर बायबल उघडणार नाहीस. त्या वेळी सैतान सांगतो की आता तोंड दाखवायला जागा नाही, काही महिने जाऊ दे, नीट झालास की जा. हे खोटं आहे. योहानाचं पहिलं पत्र १:९, पाप कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वसनीय आहे, त्याच रात्री कबूल कर आणि सकाळी जिथं थांबला होतास त्या वचनापासून पुढं वाच, मागचा अनुशेष भरायला जाऊ नको. पेत्राने तीनदा नाकारलं, तरी येशूने त्याला किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासे खाऊ घातले आणि तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि काम परत हातात दिलं.

काही गोष्टी घाईत सांगतो. औषध बंद करून विश्वास दाखव असं कुणी म्हटलं, तुला किंवा आईला, तर ऐकू नको, प्रार्थना पण करायची आणि गोळी पण घ्यायची. उपवास करायचा तर एक वेळचं जेवण सोड, उन्हात हमालीसारखं काम असेल त्या दिवशी नको, आणि गाजावाजा नको, मत्तय ६:१६ ते १८ वाच. दान दे, पगार झाल्यावर शिल्लक उरलेलं नाही तर आधी बाजूला काढलेलं, थोडं का असेना, आणि त्यातलं थोडं थेट एखाद्या गरजूच्या हातात, तुमच्याकडून आणि बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली म्हातारी माणसं मागं एकटी राहतात, त्यांच्याकडं बघ. त्यांना वाचता येत नसेल आणि त्यांना ऐकायचं असेल तर मोबाईलवर ऑडिओ बायबल लावून दे, मार्कचा एक अध्याय पाच-सात मिनिटांत ऐकून होतो, आणि त्यांच्यासोबत बसून तू पण ऐकतोस.

आता रविवार. सीझनमध्ये शेटला आधीच सांग की रविवारी सकाळची उपासना होऊ द्या, दुपारनंतर रात्री कितीही वेळ बसतो. दर रविवारी नाही जमलं तर महिन्यातले प्रभूभोजनाचे रविवार तरी चुकवू नको, आणि मधल्या आठवड्यात कुणाच्या घरी कॉटेज मिटिंग असते तिथं जा. घरी बसून लाईव्ह बघणं हे आजारी माणसासाठी ठीक आहे, तुझ्यासाठी नाही. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिली मंडळी चार गोष्टींत टिकून राहिली असं लिहिलंय, प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना, यातल्या दोन गोष्टी एकट्याने करताच येत नाहीत. मंडळी निवडताना मोठी का छोटी, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक का पेंटेकॉस्टल यावर आधी अडकू नको, जिथं वचन उघडून समजावतात, जिथं हिशोब सगळ्यांपुढं ठेवतात आणि जिथं तू आला नाहीस तर कुणीतरी फोन करतं तिथं मूळ धर, आणि दर तीन महिन्यांनी मंडळी बदलू नको.

आणि तिथं एक माणूस शोध. हे मी शेवटी ठेवलंय पण हे नसेल तर वरचं सगळं दोन महिन्यांत ढिलं पडतं. शौलाचं, म्हणजे पुढं ज्याला पौल म्हणतात त्याचं, मन बदललं तेव्हा यरुशलेमातले शिष्य त्याला घाबरत होते, विश्वासच बसेना, तेव्हा बर्णबाने त्याला हाताला धरून आत नेलं, प्रेषितांची कृत्ये ९:२७. बर्णबा नसता तर पौलाचं काय झालं असतं देव जाणे. तुला असा बर्णबा पाहिजे. चांगला बोलणारा नको बघू, ज्याची बायको-पोरं त्याच्यासोबत आनंदाने मंडळीत येतात, जो उधारी वेळेवर फेडतो, जो तुझं ऐकून दुसऱ्याला सांगत नाही, असा बघ. कदाचित तो माळी असेल, रिक्षावाला असेल, रिटायर्ड मास्तर असेल. जो तुझ्याकडं पैसे मागेल किंवा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकू नको म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. आठवड्यातून एकदा तासभर, चहाच्या टपरीवर चालेल, वही सोबत ने आणि चार गोष्टी बोला, काय वाचलं, काय केलं, कुठं पडलो, आणि कुणासाठी प्रार्थना करायची. मग दोघांनी तिथंच डोळे मिटून प्रार्थना करायची.

या रविवारी उपासना संपली की लगेच गाडी काढून निघू नको, चपला घालत उभ्या असलेल्या त्या माणसाजवळ जा आणि एवढंच म्हण, "काका, आठवड्यातून एकदा माझ्यासोबत बसाल का?" ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नको, पाळक साहेबांना विचार की अजून कुणाला विचारू.